मदत हवी आहे: डेव्हुआनवर रनिट ठेवावं की ओपनआरसी?

मंडळी, ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि त्यावर अवलंबून असलेली एक पायथन सेवा चालवायची आहे. डेव्हुआन (लिनक्सचा एक प्रकार) आहे, त्यामुळे सिस्टमडीचा प्रश्न नाही; सेवा सुरू करून सांभाळायला रनिट किंवा ओपनआरसी यांतलं एक निवडायचं आहे.

रनिट मनापासून आवडतं. सेवा सुरू करणारी 'रन' फाइल जेमतेम चार ओळींची, आणि सेवा कोसळली की रनएसव्ही हा त्याचा राखणदार प्रोग्रॅम तिला लगेच उठवतो. पण सेवा स्वतःहून बॅकग्राउंडला गेली की त्याला ती मेली असं वाटतं. मग तो पुन्हा पुन्हा नवी सुरू करतो, पोर्ट आधीच अडलेला असतो आणि लॉग नुसता भरत जातो. हे सेवेला फोरग्राउंडचा (बॅकग्राउंडला न जाण्याचा) पर्याय देऊन सुटतं.

खरी अडचण क्रमाची आहे: आधी पोस्टग्रेस तयार हवा, मग पायथन सेवा. पायथनच्या 'रन'मध्ये सुरुवातीलाच 'एसव्ही चेक' (दुसरी सेवा चालू आहे का ते बघणारी रनिटची कमांड) टाकलं, तरी पोस्टग्रेसच्या फोल्डरमध्ये 'चेक' स्क्रिप्ट नसेल तर प्रोसेस जिवंत आहे एवढंच कळतं. कनेक्शन घेतोय का, ते नाही. त्या स्क्रिप्टमध्ये 'पीजी-इजरेडी' (पोस्टग्रेस कनेक्शन घेतोय का ते बघणारी कमांड) पुरेल ना?

ओपनआरसीत 'नीड' (अमुक सेवा आधी हवी) लिहिलं की क्रम लागतो, पण कोसळलेली सेवा उठवायला 'सुपरवाइज-डेमन' मुद्दाम जोडावा लागतो. त्याने पोस्टग्रेस पुन्हा उठवला, तर 'नीड'वाली पायथन सेवाही रीस्टार्ट होते की तुटलेली कनेक्शनं धरून बसते? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सांगा, चालू स्क्रिप्ट दिलीत तर फारच बरं.