अॅनोडाइज केलेले कूपन आधी कसे काय तुटून राहिले?

कूपनवाला_हिंगणा

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे, दीड वर्ष झालं. सध्या ७०७५-टी६ (विमानात वापरतात ते मजबूत अॅल्युमिनियम) चे कूपन, म्हणजे चाचणीचे छोटे तुकडे, तपासून राहिलो, अर्धे बेअर म्हणजे उघडे आणि अर्धे सल्फ्युरिक अॅनोडाइज केलेले, म्हणजे आम्लात वीज देऊन वर ऑक्साइडचा थर चढवलेले. सॉल्ट स्प्रेत अॅनोडाइजवाले एकदम मस्त निघाले, ५ टक्के मिठाचं धुकं, ३५ अंश, ३३६ तास, एक डाग नाही. बेअरवाल्यांवर पांढरी पावडर आणि बारीक खड्डे. मग दोन्हीचे कोरे कूपन फटीग मशीनला (तुटेपर्यंत पुन्हा पुन्हा ताण देणारी मशीन) लावले तर उलटंच, अॅनोडाइजवाले बेअरच्या जवळपास निम्म्या सायकलमध्ये तुटले. लोड तोच, मशीन तीच, ग्रिप आणि अलाइनमेंट मी स्वतः दोनदा चेक केली. साहेब म्हणतात मशीनिंग खराब असेल, नवीन कूपन बनवा. मला नाही पटत. जो थर धातूला वाचवायला दिला तोच त्याला तोडतो का? अजून एक, आपल्या नागपुरात मे महिन्यात ओला टॉवेल पण दहा मिनिटांत वाळते, मग इथे मिहानला चेकसाठी येणाऱ्या विमानांच्या गंजाची एवढी चिंता काऊन करतात?

जुना_मेटलर्जीवाला

मशीनिंगवर खापर फोडू नको बाळा, तुझे आकडे बरोबर असणार. अॅनोडाइजचा थर म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, कडक पण काचेसारखा ठिसूळ. खालचा धातू ताणला गेला की थोडा लांबतो, थराला ते जमत नाही, त्याला तडे जातात आणि त्या प्रत्येक तड्याचं टोक धातूला टेकलेलं असतं. कूपनचं बरंचसं आयुष्य पहिली चीर तयार होण्यातच जातं, आणि इथे तर ती आयतीच मिळाली. शिवाय अॅनोडाइजच्या आधी एचिंग (रसायनाने वरचा धातू थोडा खाऊन साफ करणं) करतात ना, त्यात तांबं-लोखंडाचे जे बारीक कण ७०७५ मध्ये असतात त्यांच्या आजूबाजूचा धातू खाल्ला जातो, तिथे खड्डे राहतात. क्रोमिक अॅनोडाइजचा थर पातळ असतो म्हणून त्यात नुकसान कमी. फटीगमध्ये काम करणाऱ्या पार्टला अॅनोडाइज करायच्या आधी शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करतात ते ह्याच्यासाठीच, वरची कातडी दाबात राहते आणि चिरेचं तोंड उघडत नाही.

पण म्हणून बेअर चांगलं असं लिहून देऊ नको रिपोर्टमध्ये! सॉल्ट स्प्रेतून निघालेले ते खड्डेवाले बेअर कूपन फेकले नसशील तर तेच मशीनला लाव आणि बघ काय होते. तू गंज वेगळा तपासला आणि फटीग वेगळा, विमानाला मात्र दोन्ही एकाच वेळी सोसावं लागते.

वर्धारोड_ताई

नागपूरच्या हवेचं मी सांगते, मी मेन्टेनन्समध्येच आहे. विमान इथलं नसतेच, ते चेकसाठी येते. बाकी वर्षभर मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर, सगळी खारी हवा. आणि बाहेरच्यापेक्षा जास्त त्रास आतून असतो, गॅलीत (विमानातल्या किचनमध्ये) सांडलेला चहा, टॉयलेटखालचं पाणी, थंड पत्र्यावर आतून जमणारा ओलावा. फ्लोअर पॅनल उघडलं आणि बीमवर टॉर्च मारला की कधी कधी कडेला धातू फुगलेला दिसतो, नखाने उचललं तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे निघतात. त्याला एक्सफोलिएशन म्हणतात. वरून पेंट छान असतो, फक्त थोडा उचललेला, हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

२८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं पुढचं छत उडालं होतं ते माहीत असेल. बेटाबेटांमधल्या छोट्या छोट्या फेऱ्या, ८९,६८० वेळा उडालेलं विमान, म्हणजे तेवढ्यांदा केबिन फुगली आणि बसली. जोडावरचा चिकटवलेला थर सुटला, आत ओलावा आणि गंज, सगळा भार रिव्हेटवर आला आणि भोकाभोकाला बारीक चिरा पडून त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या. एक एअर होस्टेस गेली त्यात. रिव्हेटच्या रांगेवर एडी करंटचा प्रोब (लपलेल्या चिरा विजेने शोधणारा) फिरवताना मला दर वेळी ती आठवते, म्हणून रांग अर्धवट सोडून मी जेवायला उठत नाही.

कुलर_रिपेअर_धरमपेठ

मी विमानवाला नाही पण हे रोज बघतो. कुलरची पंख्याची पट्टी कधीच मधून तुटत नाही, नटाच्या भोकापासूनच चीर जाते, आणि तिथेच रंग उडून गंज लागलेला असते. एक विचारतो, इंजिनाच्या आत तर एवढी आग, पाणी टिकतच नाही, तिथे गंज लागते का?

जुना_मेटलर्जीवाला

लागतो भाऊ, पण तो वेगळा. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि इंधनातलं गंधक मिळून सोडियम सल्फेट बनतं, ते ९०० अंशांच्या आसपास टर्बाइन ब्लेडवर वितळून बसतं आणि निकेलवरचा संरक्षक थर विरघळवतं, म्हणून ब्लेडला कोटिंग असते. पुढच्या कंप्रेसरच्या ब्लेडला मात्र साधे खड्डेच पडतात, तुमच्या पट्टीसारखे.

कूपनवाल्या, अजून एक सांगतो. १९५४ ला कॉमेट नावाची ब्रिटिश प्रवासी जेट विमानं हवेत फुटली. कंपनीने त्याआधी फ्यूजलाज (विमानाचं धड) तपासला होता आणि तो १६,००० च्या वर सायकल टिकला होता, पण त्याच तुकड्यावर आधी जास्तीचा दाब देऊन ताकद तपासली होती, त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांत धातू थोडा दबून बसला आणि फटीगमध्ये उगाच जास्त टिकला. शॉट पीनिंगने आपण मुद्दाम करतो तेच तिथे नकळत झालं. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला पाण्याच्या टाकीत आख्खं विमान ठेवून तपासलं, ते साधारण ३,००० फेऱ्यांतच फाटलं. म्हणून कूपन मशीनला लावायच्या आधी त्याच्यावर काय काय झालं ते सगळं लिहून ठेव, एचिंग किती मिनिटं हे सुद्धा. आणि मिठाच्या पाण्यात फटीग करायचं ठरलं तर मशीन हळू चालव, भरभर चालवली तर गंजाला चिरेत शिरायला वेळच मिळत नाही आणि निकाल फुकटचा चांगला दिसतो.

कूपनवाला_हिंगणा

सर, ताई, खूप धन्यवाद. आज तुटलेली टोकं मायक्रोस्कोपखाली बघितली. बेअरमध्ये चीर एकाच कोपऱ्यातून निघालेली, अॅनोडाइजवाल्यात कडेने पाच जागी सुरुवात, मध्ये मध्ये पायऱ्या. साहेबांना बोलावून दाखवलं, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले खड्डेवाले कूपन कुठे ठेवले. पिशवीत होते, फेकले नव्हते. सोमवारी लावतो, निघाले की आकडे इथेच टाकतो.