मॉडिफाइड क्वाड विरुद्ध डर्ट बाईक: बाभळीपर्यंत आधी कोण?

लालमुरूम:
गेल्या रविवारी दिंडोरी रोडच्या आत, मित्राच्या पडीक रानात दोन गाड्या छोट्या हत्तीतून उतरल्या. (रान त्याच्या घरचं, विचारून गेलो होतो, आधीच सांगतो.) एक क्वाड, म्हणजे चार जाड टायरांची, हँडलवाली गाडी: यामाहा वायएफझेड ४५० आर, मुंबईहून सेकंडहँड आलेली. मालक वर्षभर तिच्यात पैसे ओततोय: एअरबॉक्सचं झाकण काढलंय, अख्खा एक्झॉस्ट बदललाय, त्याला जुळेल असं मॅपिंग (इंजिनाला पेट्रोल किती, कधी याची मांडणी) करून घेतलंय, मागचा ॲक्सल रुंद केलाय. दुसरी डर्ट बाईक, कावासाकी केएक्स २५०. तिला हात लावलेला नाही, शोरूममधून आली तशी.

चढ म्हणजे दीडेकशे मीटर सुटा मुरूम, मध्ये एक खांदा, वर एक बाभूळ. बाभळीला आधी पोचेल तो जिंकला. पाच वेळा पळवल्या. क्वाड ४, बाईक १. आणि ती एकही क्वाडवाल्याचा गिअर चुकला म्हणून.

बाईक दर वेळी सुटताना अर्धी गाडी पुढे असायची. मग खांद्याशी आली की मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं, पुढचं हवेत, मागे मुरमाचा फवारा, आणि शेजारून क्वाड अशी निघून जायची जशी काय ती दूध घालायला चाललीय.

माझं म्हणणं सरळ आहे. नीट तयार केलेली रेसिंग क्वाड मातीत डर्ट बाईकला मागे टाकते. आपल्याकडे क्वाड म्हटलं की रिसॉर्टवर पाच मिनिटांच्या फेरीला मिळणारी धुरकट खेळणी आठवतात, म्हणून तिला कोणी मोजत नाही. बोला.

दोनचाकी_फक्त:
भाऊ, आधी जोडी तरी बरोबरीची लावा. तयार केलेल्या ४५० सीसी समोर कोरी २५०. कुस्तीत असं केलं तर पंचाला फडाबाहेर काढतात.

दुसरं, दीडशे मीटर सरळ चढ म्हणजे शर्यत नव्हे. ट्रॅकवर वळणं असतात, उड्या असतात, व्हूप्स (लागोपाठचे उंचवटे) असतात. हिशेब मांडतो. वायएफझेड ४५० आर पेट्रोल-ऑइलसकट १८४ किलोच्या आसपास. ४५० ची मोटोक्रॉस बाईक ११० च्या आसपास. ७५ किलोचा रायडर बसवा: २५९ आणि १८५. बाईकला ५५ हॉर्सपॉवर धरली तर तिची बरोबरी करायला क्वाडला ७७ लागतील. एका सिलिंडरच्या ४५० मधून तेवढी काढणारे काढतीलही, पण ते इंजिन किती रविवार टिकेल ते मालकालाच विचारा.

आणि डकार रॅली, ती वाळवंटातली लांबलचक शर्यत, विसरलात? २०२४ पर्यंत क्वाड आणि बाईक एकाच वाळवंटातून धावायच्या. बाईकला ४५० सीसीची मर्यादा, क्वाडवाल्यांकडे बहुतेक वेळा यामाहा रॅप्टर ७००. तरी क्वाडचा विजेता बाईकच्या विजेत्यानंतर तासांनी यायचा. मिनिटांनी नाही, तासांनी. २०२५ पासून तर क्वाडचा गटच बंद केला. त्याच २०२४ ला आपल्या केरळचा हरिथ नोआ रॅली २ या दुसऱ्या फळीच्या गटात पहिला आला. कशावर? बाईकवर.

लालमुरूम:
जोडीचं मान्य, पुढच्या वेळी ४५० शोधतो. (नाशिकमध्ये कोणाकडे असेल तर कळवा, मिसळ आमच्याकडून.) पण डकारचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. तिथली बाईक म्हणजे कारखान्याने त्याच कामासाठी बांधलेली, पाठीशी अख्खी टीम. क्वाड म्हणजे दुकानातली रॅप्टर घेऊन टाकी वाढवलेली. होंडाने टीआरएक्स ४५० आर ही क्वाड २०१४ च्या मॉडेलनंतर बंदच केली, पैसा लावणारा उरला कोण? मला २५० आणि ४५० वरून शहाणपण शिकवता, मग तिथे जोडी बरोबरीची होती का?

बाजा_टीम:
आमच्या कॉलेजात एटीव्ही (क्वाडचंच दुसरं नाव) म्हणजे आम्ही पाइप वेल्ड करून बनवतो ती बाजा या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्पर्धेची गाडी. ३०५ सीसी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, १० हॉर्सपॉवर, पिथमपूरला नेतो. ती डर्ट बाईकला हरवेल का?

लालमुरूम:
नाही.

सातपूर_गॅरेज:
बाजावाल्या, तुमच्या टीममध्ये ढकलायला पंचवीस जण असतात, उतारावर हरवाल.

बाकी तुम्ही दोघं इंजिनावरून भांडताय. त्या चढावर इंजिनाचा प्रश्नच नव्हता. मी वीसेक वर्षं टू-स्ट्रोक इंजिनांचे पोर्ट (सिलिंडरमधल्या वाटा) घासतोय, ताकद वाढवण्यावरच पोट आहे, तेव्हा मी ताकदीच्या विरोधात बोलणार नाही. पण ती जमिनीत उतरते किती ते बघा ना. केएक्स २५० चं मागचं टायर १०० मिलिमीटर, हवा १२-१३ पौंड. क्वाडची मागची दोन टायरं, प्रत्येकी दहा इंच रुंद, हवा ४-५ पौंड. अंगठ्याने दाबलं तर दबतं. बाईकचा तळहात टेकतो तिथे क्वाडची चटई अंथरलेली असते. शिवाय बाईकचं पुढचं चाक उठतं म्हणून रायडरला ॲक्सिलरेटरची मूठ सोडावी लागते. क्वाडचं बूड रुंद, वजन खाली, तो मूठ पिळूनच ठेवतो. तुमच्या बाईकवाल्याला त्या खांद्याशी आणखी दहा हॉर्सपॉवर दिली असती तर मुरूम आणखी उडाला असता, एवढंच.

आता हीच क्वाड वळणात घाला. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. चेन एका सरळ ॲक्सलला फिरवते, दोन्ही चाकं त्याला जखडलेली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर, आतल्याला कमी, आणि फिरायचं मात्र दोघांना सारखंच. बैलगाडीची चाकं तरी आपापली फिरतात हो. इथे एक चाक घसरवल्याशिवाय गाडी वळतच नाही. म्हणून चांगला क्वाडवाला वळणाआधीच मागचा भाग फेकतो, स्वतः आतल्या बाजूला पार लोंबकळतो. बघायला झकास दिसतं, पण घसरण्यात वेग जातो. त्यात तुम्ही ॲक्सल रुंद केलाय: उलटायची भीती कमी झाली, पण दोन चाकांतलं अंतर वाढलं, म्हणजे ओढाताणही वाढली. फुकट काही मिळत नाही.

एक अवांतर. यामाहाची बॅन्शी नावाची क्वाड होती, १९८७ पासून. ३४७ सीसी, जुळे सिलिंडर, टू-स्ट्रोक. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५४. हे माप कुठे पाहिलंय? आपल्या राजदूत ३५० चं! तिची पाण्याने थंड होणारी चुलत बहीणच म्हणा. वाळूच्या टेकड्यांवर पॅडल टायर (वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे) लावून तिथले लोक तिच्यावर अजून जीव टाकतात. राजदूतचं क्रँक उघडताना मला दर वेळी वाटतं, हिला आपण दुधाच्या कॅनला जुंपली.

दोनचाकी_फक्त:
म्हणजे गॅरेजवाले काका माझ्याच बाजूने आहेत.

सातपूर_गॅरेज:
मी कोणाच्याच बाजूने नाही. बिल दोघांना लावतो.

दोनचाकी_फक्त:
काका, एक राहिलं ते मी सांगतो. बाईकला एकच चाकोरी लागते. खराब झालेल्या ट्रॅकवर खड्ड्यांच्या मधून हातभर पट्टा चांगला असला तरी पुरतो, मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जातं. क्वाडला दोन पट्टे लागतात आणि त्यातला एक नक्की खड्ड्यात असतो. वर बाईकला पुढे-मागे ३०० मिलिमीटरच्या आसपास सस्पेन्शनची चाल (चाकाला वर-खाली जायला मोकळीक), वायएफझेडला पुढे २५० आणि मागे २८० च्या घरात. व्हूप्समध्ये बाईकवाला ढुंगण मागे टाकून वरून तरंगत जातो. क्वाड तिथे गाढवासारखी लाथा झाडते. दहा मिनिटांनी रायडरचे हात बघा.

दोन्हीवरून_पडलेला:
कोण पुढे ते तुमचं तुम्ही ठरवा, मी फक्त पडण्यातला फरक सांगतो, कारण तो कोणी मोजत नाही.

बाईक तुम्हाला फेकते. म्हसरूळच्या बाजूला एका उडीवर पुढचं चाक आधी टेकलं, मी हँडलवरून पुढे, गाडी तिकडे, मी इकडे. गळ्याजवळचं हाड गेलं, सहा आठवडे झोळी.

क्वाड सोडत नाही. वळणात आतली चाकं उचलली तेव्हा मला वाटलं बाईकसारखा पाय टेकवून सावरतो. तोच मूर्खपणा. टेकवलेल्या पायावर मागचं टायर चढलं, मग गाडी हळूच, अगदी सावकाश, माझ्यावर आडवी झाली. मनगटाला बांधलेल्या दोरीने किल स्विच सुटला आणि इंजिन बंद पडलं म्हणून हे लिहितोय. १८० किलो छातीवर असताना हाक मारायलाही श्वास नसतो. मित्र बाभळीखाली पाणी पीत होते, त्यांना वाटलं मी मजा करतोय.

क्वाडला पाय ठेवायला जाळीवाले नर्फ बार लावाच. हॉर्सपॉवरचे पैसे नंतर.

लालमुरूम:
नर्फ बार आहेत. दोरीचा किल स्विच नाहीये. मालकाला आत्ताच फोन केला.

द्राक्षबाग:
मी दिंडोरी रोडचाच. तुमच्या बाभळीच्या पलीकडच्या बांधाला माझी बाग आहे. कोण जिंकलं ते मला धुरळ्यावरून कळलं नाही.

आत्ता मालात पाणी उतरलंय, पंधरा दिवसांत काढणी. त्या घडांवर तुमची तांबडी धूळ येऊन बसली तर मी ती धुवू कशी? पाणी मारलं की मण्यावरची पावडर जाते आणि निर्यातवाला माल हातात घेऊन परत ठेवतो. रान तुमच्या मित्राचं असेल, वारं त्याच्या मालकीचं नाही. तुमच्या गाड्यांना पासिंग नाही, रस्त्यावर चालवता येत नाहीत हे कळतं, पोरांनी खेळायचं कुठे हाही प्रश्न आहे. पण जून-जुलैत या ना, पाऊस पडल्यावर. तेव्हा बागेत काही नसतं.

लालमुरूम:
दादा, चुकलं. खरंच लक्षात आलं नाही. पुढचा राउंड तिकडे नाही घेत.

दोनचाकी_फक्त:
जून-जुलैत तर अजून मजा. काळ्या मातीत क्वाडच्या चार टायरांना चिखल लागून २५० किलो होईल, मग चढवा बाभळीवर.

सातपूर_गॅरेज:
आणि तुमच्या बाईकच्या पुढच्या मडगार्डमध्ये चिखल घट्ट बसून चाक फिरायचं थांबेल तेव्हा खांद्यावर घेऊन चढा. काळ्या मातीत दोघांची सारखीच आरती होते.

लालमुरूम:
अपडेट. या रविवारी दुसरीकडे गेलो, नाल्याकाठची जागा, आजूबाजूला बाग नाही, मालकाला विचारलं. ४५० ची बाईक मिळाली नाही, तीच केएक्स २५०. या वेळी सरळ चढ नाही, गोल फेरी: सात वळणं, एक छोटी उडी, शेवटी नाल्याच्या कोरड्या वाळूचा पट्टा. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर प्रत्येकी तीन फेऱ्या.

बाईक प्रत्येक फेरीत चार ते पाच सेकंदांनी पुढे. इमानदारीने लिहितोय. वळणावळणाला क्वाड मागे पडायची आणि वाळूत शिरली की अर्धं अंतर भरून काढायची. पण पट्टा लवकर संपायचा. तिसऱ्या फेरीत बाईकवाला वाळूत रुतला, दोन सेकंद गेले, तरी पुढेच.

फक्त एक गोष्ट. गाड्या परत चढवताना पाहिलं तर क्वाडचं मागचं डावं टायर बसलेलं. आत बाभळीचा काटा, करंगळीएवढा. जुना वाटतोय, मागच्या रविवारचा. म्हणजे बहुतेक तिन्ही फेऱ्या ती कमी हवेवरच पळाली, त्यामुळे मी हा निकाल अंतिम धरत नाही.

दोनचाकी_फक्त:
आली सबब!! वाळूत कमी हवा तर चांगलीच. काकांनीच सांगितलं ना, चटई.

लालमुरूम:
दोन्ही चटया सारख्या असल्या तर. एक टायर बसलं की त्याचा घेर कमी होतो, ॲक्सल सरळ, गाडी सारखी डावीकडे ओढते. काका, बरोबर ना?

सातपूर_गॅरेज:
बरोबर आहे. पण ओढत होती तर रायडरला तीन फेऱ्यांत कळलं कसं नाही? टायर काढून घेऊन ये, काटा तसाच राहू दे, उपटू नको, भोक सापडत नाही मग. मंगळवारी ये, सोमवारी बंद असतं.