घरात तान्हं बाळ आणि शाळेला जाणाऱ्या दोन ताया: तुमच्याकडे कसं चालतं?

आम्ही साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो. मोठी आठवीत, मधली पाचवीत आणि बाळ आठ महिन्यांचं. रात्रभर किरकिर करून बाळ पहाटे पाचला डोळा लावतं आणि सहाला मला डबे करायचे असतात. कुकर लावायची सोय नाही, शिटीला दचकून उठतं. मुली चवड्यांवर चालत आवरतात.

परवा संध्याकाळी स्वयंपाकघरातून डोकावले. मोठी गणितं सोडवत बसली होती आणि पाळण्याची दोरी तिने पायाच्या अंगठ्याला बांधली होती. पेन्सिल वहीवर, पाय आपोआप मागेपुढे. आधी कौतुक वाटलं. मग आठवलं, तिची शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि "जरा बाळाकडे बघ गं" असं मी दिवसातून किती वेळा म्हणते याला गणती नाही. पोटात कालवलं. तुम्ही कसं जमवता? मनमोकळं लिहा.

मिरज, दोन मुली आणि एका मुलाचे बाबा

बायकोचं सिझर झालं तेव्हा मुलींच्या वेण्या माझ्याकडे आल्या. शाळेत दोन वेण्या लागतात, वर मुडपून लाल रिबिनीने बांधलेल्या. पहिले आठ दिवस भांगच सरळ येईना. धाकटीनेच शिकवलं: फणीचं टोक कपाळापासून मानेपर्यंत न उचलता ओढायचं आणि एका बाजूचे केस आधी रबरात अडकवून ठेवायचे. तेल आदल्या रात्री लावायचं, सकाळी लावलं की पेड निसटतात. मुलगा आता दीड वर्षाचा झाला, वेण्या अजून मीच घालतो. कुणाशी कट्टी झाली, बाई कशावरून रागावल्या, हे सगळं मला त्या दहा मिनिटांतच कळतं. आधी ते मला कधी कळतच नव्हतं.

सांगली, आजी

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. तेव्हा नातू चार महिन्यांचा, नाती चौथीत आणि सातवीत. गल्लीत पाणी शिरलं तशी सून दुपटी, लंगोट, कुंची गोळा करू लागली, मुलगा गॅसची टाकी माडीवर चढवत होता. सातवीतल्या नातीला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. बोटीतून बाहेर पडून पाहुण्यांच्या घरी पोचलो, तेव्हा तिने दप्तरातून कंपासपेटी काढली. आत बाळाचं लसीचं कार्ड घडी घालून ठेवलेलं. साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या होत्या, पुढची नवव्या महिन्याची कधी, तेही त्यावरच लिहिलं होतं. तिची स्वतःची पुस्तकं मात्र घरातच भिजून लगदा झाली. बाळाचे कपडे दप्तरात मावावेत म्हणून ती तिने काढून ठेवली होती. त्या धावपळीत पोरीच्या पाठीवर कुणी हातही फिरवला नाही. मी फिरवला, पण चार दिवसांनी. ती चुटपुट अजून आहे.

सातारा तालुका, तीन मुलींची आई

आमची तिसरीही मुलगीच. दवाखान्यात भेटायला आलेल्यांचे चेहरे विसरता येत नाहीत. माझ्या वर्गात नकुशी नावाची मुलगी होती, हजेरीत नाव आलं की मान खाली घालायची. २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली, पण बोलणारी तोंडं तीच राहिली. म्हणून बारशाआधी मी दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं, नाव तुम्ही ठरवायचं. तीन दिवस वहीत नावं लिहीत होत्या, खोडत होत्या. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं तेव्हा दोघींनी तिच्या पाठीत धपाटे घालून घालून हात लाल करून घेतले. शेजारच्या एक काकू "मुलगा हवा होता ना गं" म्हणाल्या, तर धाकटीने तिथल्या तिथे सांगितलं, "आम्हाला हीच हवी होती."

तासगाव, अंगणवाडी सेविका

शाळेतून आल्यावर मुलींनी गणवेश बदलून, साबणाने हात धुऊन मगच बाळाला घ्यावं. घरातली सर्दी बहुतेक वेळा शाळेतूनच येते. आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नको, गुटीही नको, हे मुलींनाही समजावून सांगा. माया म्हणून बिस्किटाचा तुकडा त्याच भरवतात.

सांगली, थोरली बहीण

भाऊ झाला तेव्हा मी सातवीत होते. त्याला सांभाळायचा मला कधीच राग आला नाही. मला कुणी विचारत नव्हतं, त्याचा यायचा. "घेशील का थोडा वेळ?" असं म्हटलं असतं, तर तासभर घेतला असता. ताई, तुमच्या मोठीला एकदा विचारून बघा.

सातारा, पुन्हा मीच

विचारलं. ती म्हणाली, "आंघोळीनंतर बाळ माझ्याकडे दे, तेव्हा ते हसरं असतं. अभ्यासाच्या वेळी नको." आता सात ते साडेआठ बाळ बाबांकडे असतं, मुली आतल्या खोलीत दार लावून बसतात. काल बाळ रांगत तिकडे गेलं आणि दारावर तळहात आपटू लागलं. मी उचलायला धावले, तर आतून आवाज आला, "आई, राहू दे त्याला तिथेच. एवढं गणित झालं की येते." ती येईपर्यंत बाळ दाराशी बसून राहिलं.