पाय बरा झाला नाही, आता उपकारस्तुतीत काय साक्ष देऊ?

कॅलिपरवाला:
सलाम सगळ्यांना. मी नगर जिल्ह्यातला, वय ४७. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय तेव्हापासून कॅलिपरमध्ये, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांमध्ये. खरं सांगतो, पायासाठी रडत बसलो असं कधी झालं नाही. आजी रोज संध्याकाळी प्रार्थना घ्यायची, त्यात माझ्या नावाने आधी आभार आणि मग मागणं, तीच सवय मला लागली. नोकरी आहे, बायको-मुलगी आहेत, देवाने काही कमी केलं नाही.

पण दोन वर्षांपासून चांगल्या पायातली पण ताकद जातेय, खांदे भरून येतात. डॉक्टर म्हणाले पोस्ट पोलिओ सिंड्रोम, लहानपणी पोलिओ झालेल्यांना कित्येक वर्षांनी असं होतं, बरं करणारं औषध नाही, फक्त दमू नका. त्यात गेल्या महिन्यात एका प्रार्थना सभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारक सेवकाने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले कॅलिपरचं लॉक काढ आणि चाल. मी काढलं, गुडघा दुमडला, मुलीने धरलं म्हणून पडलो नाही. वर मलाच ऐकवलं की तुझा विश्वास कमी पडतोय. घरी येईपर्यंत मुलगी एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून आभार मानायला बसलो की तोंडच उघडत नाही आणि आता आमच्या चर्चच्या पाळक साहेबांनी उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानायच्या) उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर बोलायला सांगितलंय. काय बोलू?

मिरजेची नर्स:
भाऊ, वाचून फार वाईट वाटलं. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, उत्तर मिळालं "माझी कृपा तुला पुरे आहे", काटा राहिलाच. त्याचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का? आणि वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस, १९५४ च्या अपघातात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तरी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरोग्यांच्या हातांची ऑपरेशनं केली, मग न्यूयॉर्कला पुनर्वसनाचं शिक्षण घेऊन आल्या, १९७२ ला पद्मश्री. त्या परत चालल्या नाहीत हो. बाकी नर्स म्हणून सांगते, दुपारी अर्धा तास आडवे व्हा, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर घ्या, त्यात कमीपणा नाही.

पांढरी काठी:
मी जन्मापासून आंधळा आहे म्हणून थोडं वेगळं बोलतो. आत्ता आभार येत नसतील तर ओढून आणू नका. ८८ वं स्तोत्र वाचा, पूर्ण रडणं आहे, शेवट पण अंधारातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात आहे ना. लहानपणी मला पण विचारायचे की कोणाच्या पापाची शिक्षा. योहान ९ मध्ये एका जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी तेच विचारलं, येशूने सरळ सांगितलं, याचं पण नाही आणि आईबापाचं पण नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईचा हात धरून खूप रडलो होतो, कारण तिला पण लोक बोलायचे. आणि पौल म्हणतो सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मी आंधळेपणाबद्दल आभार मानत नाही, सकाळी बायको चहाचा कप हातात देऊन त्यावर माझी बोटं नीट बसवते, त्याबद्दल मानतो.

माऊची आई:
मुलीशी बोललात का? तिने बापाला पडताना बघितलंय. साक्षीचं नंतर बघा.

कॅलिपरवाला:
सगळ्यांचे आभार. माऊच्या आई, काल रात्री बोललो. ती म्हणाली पप्पा मी त्या माणसावर चिडले होते, देवावर नाही, आणि तुम्ही सॉरी म्हणालात त्याचा जास्त राग आला. पडता पडता मी त्यांनाच सॉरी म्हणालो होतो, माझ्या लक्षात पण नव्हतं. मग आम्ही दोघांनी बायबलमधली मफीबोशेथची, शौल राजाच्या नातवाची गोष्ट वाचली, दुसरं शमुवेल ९. दोन्ही पायांनी लंगडा, तरी रोज दावीद राजाच्या मेजावर जेवायचा, आणि शेवटच्या ओवीत पण तो लंगडाच आहे. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला सगळे पुढे जाऊन गुडघे टेकतात, मला जमत नाही, पाळक साहेब भाकर आणि प्याला घेऊन माझ्या बाकापर्यंत येतात. इतकी वर्षं मला त्याचा संकोच वाटायचा. साक्षीत तेवढंच सांगणार आहे, आणि २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, माझ्या मुलीच्या वर्गात कॅलिपर लावणारं एकही पोर नाही, त्याचे आभार तर अगदी मनापासून निघतात. चर्चच्या पायऱ्यांजवळ रॅम्प करायचं पण त्याच वेळी बोलतो. बसूनच बोलणार, खुर्ची ठेवायला सांगितलीय.