दूध बिलाच्या फंक्शनचं राउंडिंग बदलायचंय, जुन्या फाइलींचं काय करू?

करवीर_ऑपरेटर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेत दहा दिवसाची बिलं एक्सेलवर निघतात. आधीच्या ऑपरेटरनं व्हीबीएत (एक्सेलमधली प्रोग्रामिंगची भाषा) दूधरक्कम म्हणून फंक्शन लिहिलंय, लिटर आणि दर दिला की रक्कम येते, आणि ते ॲडइनमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींना लागू होणाऱ्या एका वेगळ्या फाइलीत, असल्यामुळं मागच्या सगळ्या वर्षांच्या फाइली त्याच्यावरच चालतात. ६.५ लिटरला ३५.२५ दरानं २२९.१२५ होतात, नियमानं अर्धा पैसा वर गेला पाहिजे म्हणजे २२९.१३, पण बिलात येतंय २२९.१२. दुरुस्त करायला वेळ लागणार नाही ओ, पण ऑडिट झालेली बिलं बदलली तर सभासदांना काय सांगायचं?

शिरोली_फौंड्री:
व्हीबीएचं राउंड बरोबर मध्यावर आलं की सम आकड्याकडं जातं, शीटमधलं राउंड शून्यापासून लांब जातं. म्हणून २.५ चं तिथं २ होतं आणि शीटमध्ये ३. जुन्या फंक्शनला हात लावू नका, दूधरक्कम२ करा आणि त्यात वर्कशीटफंक्शन.राउंड, म्हणजे शीटमधलं राउंड, वापरा. एक्सेल २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं हेच केलं की, क्रमांक काढणारं रँक तसंच ठेवलं आणि रँक.इक्यू, रँक.ॲव्हजी नवीन दिली, जुनं आजपण चालतंय.

कागलकर:
नवीन नाव कशाला, तिसरा ऑप्शनल पॅरामीटर टाका, म्हणजे दिला नाही तरी चालेल असा. दिला नाही तर जुनं राउंडिंग, १ दिला तर नवीन. जुने फॉर्म्युले आहेत तसे चालतील.

शिरोली_फौंड्री:
चालतील, पण उद्या नवीन पोरगं बिलाला बसलं आणि १ टाकायचं विसरलं तर एरर येणार नाही, गुपचूप जुना आकडा येईल. पैशाच्या कामात मला हे पटत नाही. डिफॉल्टला माणूस बघतच नाही, तक्त्यात शोधून देणाऱ्या व्हीलुकअपचं बघा की, शेवटचं फॉल्स राहिलं की अंदाजे जुळणारं काहीतरी उचलून देतंय.

गूळ_मार्केट:
ॲडइनमधलं जुनं फंक्शनच बदललं तर आणखी वाईट होईल. फाइल नुसती उघडली म्हणून सगळे आकडे बदलतीलच असं नाही, कोणी एका ओळीचं लिटर दुरुस्त केलं की तेवढीच ओळ नवीन हिशोबानं येते, बाकीच्या जुन्याच, आणि खालची बेरीज ना इकडची ना तिकडची. मग कोणीतरी सगळं परत मोजायला कंट्रोल ऑल्ट एफ९ दाबलं की सगळंच बदललं. पास झालेल्या बिलांची कॉपी काढून पेस्ट स्पेशल व्हॅल्यूज करा म्हणजे नुसते आकडे राहतील, फॉर्म्युल्याची मूळ फाइल वेगळी ठेवा.

करवीर_ऑपरेटर:
एका ओळीचं लक्षातच आलं नव्हतं, मागच्या बिलात दुरुस्त्या कायम येतात आमच्याकडं. मग दूधरक्कम२ च करतो, १ तारखेच्या बिलापासून, आणि सचिवांना सांगून ठरावात तारीख लिहून घेतो. जुन्या बिलात दुरुस्ती आली तर जुनंच फंक्शन ना?

शिरोली_फौंड्री:
हो, ज्या तारखेचं दूध त्या तारखेचं फंक्शन. टेम्प्लेटमध्येपण बदला, नाहीतर जुनी फाइल सेव्ह ॲज करून नवीन बिल काढलं की परत दूधरक्कमच येणार.