सेम संपली, लोकलच्या पासचे 19 दिवस उरलेत. काय करू?

जर्नलग्रस्त:
काल पाचव्या सेमचा शेवटचा पेपर झाला. राहायला ठाण्यात, कॉलेज वाशीला. आज सुट्टी असूनही साडेसहाला जाग आली आणि आईने सवयीने डबाही भरून ठेवला होता! तीच भेंडी दुपारी घरी बसून डब्यातूनच खाल्ली. ताटात काढावीशी वाटली नाही.

जर्नल समोर पडलंय. सातव्या प्रॅक्टिकलच्या सहीसाठी स्टाफरूमबाहेर दोन दिवस उभा होतो, त्या पानावर अजून चहाचा गोल डाग आहे. तेव्हा शिव्या घातल्या, आता रद्दीत टाकवत नाही. सगळ्यांचं असंच होतं का? आणि पासचं काय करू?

ऐरोलीकर:
होतं रे. फायली सहावी सेम होईपर्यंत ठेव, ज्युनियर मागायला येतात. पासवर ऐरोलीला उतर. खाडीवर नोव्हेंबरपासून फ्लेमिंगो यायला लागतात. 2022 पासून ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आपण मात्र रोज मोबाइलमध्ये मान घालून जातो.

तलावपाळी_काका:
आम्ही ठाण्याहून वाशीला बसने जायचो, ही गाडी 2004 ला आली. पासचं नंतर बघ, आधी झोप काढ. आणि आईला सांग, उद्या डबा नको.

जर्नलग्रस्त:
सांगितलं काका. म्हणाली, मग पोळ्या तू लाट.