झोपेचा अवधी वाढवला, तरी सिंकजवळचा नोड आधी का संपतोय?

कोठार_नोंदी:
नमस्कार मंडळी. एका लांबलचक गोदामात तापमान मोजणारे ३० नोड (बिनतारी संवेदक) बसवलेत. सीसी२४२० ही रेडिओ चिप, दोन एए सेल, आणि रेडिओ बहुतेक वेळ झोपवून ठेवणारी एक्स-मॅक ही संवादपद्धत. टोकापासून सिंकपर्यंत (सगळी वाचनं गोळा करणाऱ्या केंद्रापर्यंत) ६ हॉप, म्हणजे नोडाकडून नोडाकडे सहा उड्या, आणि सगळ्यांची पॅकेटं शेवटी एकाच नोडमधून सिंकला जातात. प्रत्येक नोड दर ५ मिनिटांनी एक वाचन पाठवतो. तापमान एकदम चढलं तर इशारा मात्र २ सेकंदांत पोचायलाच हवा.

आधी नोड दर २५० मिलिसेकंदांनी जागे होत. सिंकजवळच्या नोडचे सेल पाच महिन्यांत संपले, म्हणून मी तो अवधी १ सेकंद केला. तर तोच नोड यंदा तीन महिन्यांत बंद पडला! टोकाचे नोड ठणठणीत आहेत. शिवाय इशारा कधी ३, कधी ५ सेकंदांनी येतो. बॅटरीही गेली आणि वेळही गेली. माझं नेमकं कुठे चुकतंय?

लहरमापी:
तुमचं गणित ऐकणाऱ्याच्या बाजूने बरोबर आहे, बोलणाऱ्याच्या बाजूने राहून गेलंय. एक्स-मॅकमध्ये समोरचा जागा होईपर्यंत पाठवणारा छोट्या हाका मारत राहतो. समोरचा १ सेकंद झोपणार असेल तर सरासरी अर्धा सेकंद हाका. सीसी२४२० ऐकताना १८.८ आणि पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलीअँपिअर खातो, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखंच महाग.

आता तुमचा तो नोड घ्या. ३० नोडांची पॅकेटं ५ मिनिटांत, म्हणजे दर १० सेकंदांना एक. एकदा जागं होऊन कानोसा घ्यायला ५ मिलिसेकंद धरले तर:
१ सेकंदाला: कानोसा ०.५ टक्के, हाका ५ टक्के.
२५० मिलिसेकंदांना: कानोसा २ टक्के, हाका सव्वा टक्का.

म्हणजे रेडिओ एकूण साडेपाच आणि सव्वातीन टक्के वेळ चालू. सेलची क्षमता २५०० मिलीअँपिअर-तास धरून भागाकार केला तर साधारण १०० आणि १७० दिवस येतात. तुमचे तीन आणि पाच महिने जवळपास हेच आहेत. टोकाचा नोड ५ मिनिटांतून एकदाच बोलतो, त्याला लांब झोप खरंच मानवते. सगळ्यांना एकच अवधी लावणं हीच मूळ अडचण.

एक विचारतो: सिंक विजेवर आहे ना? मग तो कशाला झोपतोय?

कोठार_नोंदी:
सिंक भिंतीतल्या विजेवरच आहे. आत्ता तपासलं, त्यावरही नोडांचंच फर्मवेअर (आतला प्रोग्राम) आहे, झोपेसकट. वर्षभर हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

लहरमापी:
वाईट वाटून घेऊ नका, हे सहज निसटतं. सिंकचा रेडिओ कायम चालू ठेवा. शेवटच्या हॉपची वाट बघणं संपेल आणि त्या नोडच्या हाकाही जवळपास थांबतील. पण मग दुखणं एक हॉप मागे सरकेल, कारण त्याच्या मागचे नोड अजूनही त्याच्यासाठी अर्धा-अर्धा सेकंद हाका मारतील. म्हणून वाचलेल्या विजेतून त्याला परत २५० मिलिसेकंदांवर आणा. वारंवार जागं होण्याचा खर्च त्याचा, फायदा मागच्यांचा.

घड्याळवाला:
यात भर घालतो. शेजारी कधी जागा होतो ती वेळ लक्षात ठेवली तर हाका मारायच्याच कशाला? २०११ च्या काँटिकीमॅक या संवादपद्धतीत हेच आहे. घड्याळांचे स्फटिक ±२० पीपीएमचे (दहा लाखांत २० भागांइतकी चूक) असतील तर दोन नोडांची घड्याळं १० सेकंदांत फार तर ०.४ मिलिसेकंद सरकतात. सतत बोलणाऱ्या नोडाला तर हे वरदानच.

पण याने फक्त वीज वाचते, वाट बघणं तेवढंच राहतं. २ सेकंदांची अट पाळायची तर जागं होण्याच्या वेळा पायऱ्यांसारख्या लावा: टोकाचा आधी, त्याच्या पुढचा काही मिलिसेकंदांनी. मग १ सेकंदाची झोप ठेवली तरी वाट एकदाच बघावी लागते, सहा वेळा नाही. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं जुळवत राहावी लागतात आणि मधला एखादा नोड बंद पडला तर पायऱ्या नव्याने मांडाव्या लागतात. त्यामुळे आधी सिंक जागा करा, मोजा, मगच याच्या वाटेला जा.

कोठार_नोंदी:
सिंकवर नवं फर्मवेअर चढवलंय. पहिल्या नोडवर मीटर लावून २४ तासांचा सरासरी प्रवाह मोजतो आणि टोकाच्या नोडवरून खोटे इशारे सोडून वेळ बघतो. आकडे इथेच टाकतो. लहरमापी, मागच्या नोडांवरही मीटर लावू, की पहिलाच पुरे?